मक्याची डाळ होत नाही

लग्न होऊन मी काशीला आले आणि पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांचा प्रयोग शिजवून सगळ्यांना वाढला.

आमचं घर दूधविनायकाच्या गल्लीत. मामंजी एका इंटर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं, पौरोहित्य करणारं. ते सोडून झाडापानांच्या मागे लागलेले मामंजी पहिलेच. घरात मराठी बोलत, पण माझ्या वाईच्या कानांना ती अधूनमधून चकवायची. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, धूप आली का बघ गं छतावर, गाद्या टाकते." मी देवघरात उदबत्तीच्या डब्याशेजारी धूप शोधत बसले. धूप म्हणजे ऊन, हे तिथं कुणाला सांगावंसंही वाटलं नाही.

तर त्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत मला वाडगाभर भिजलेले वाल दिसले. छान फुगलेले, मोड डोकावणारे. मला वाटलं, नव्या सुनेचा हात बघायला ठेवलेत. मी ते सोलले आणि गूळ-खोबरं घालून डाळिंब्यांची उसळ केली. मामंजींनी दोनदा वाढून घेतली. मग सहज विचारलं, "वाल आणले कुठून?"

"खिडकीतल्या वाडग्यात होते."

त्यांचा घास हातातच राहिला. "ते उद्याच्या तासाचे होते," ते म्हणाले.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "माझंच चुकलं. ह्या घरात भिजलेलं काहीही दिसलं तर आधी विचारायचं, हे सांगायची राहिले."

मामंजी रागावले नाहीत. त्यांनी उरलेली उसळ डब्यात भरून घेतली, दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या नळाखाली धुतली आणि प्रत्येक मुलाच्या हातावर एकेक डाळिंबी ठेवून तास घेतला. संध्याकाळी घरी आल्यावर मला म्हणाले, "बीजावरण तू आधीच काढून ठेवलं होतंस, त्यामुळं वेळ वाचला. दोन दलं छान सुटी होत होती. मात्र पोरांनी आदिमुळासकट सगळं खाल्लं. पुढचं प्रात्यक्षिक कधी, असं विचारत होती."

हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की हसावं की नाही हे मला कळेना.

त्यांना एकच दुःख होतं. मुलं बी बघत नाहीत. तळहातावर हरभरा असतो आणि मुलं वहीत चित्र काढतात ते पुस्तकातल्या हरभऱ्याचं. "बी फार लहान असतं, सगळी परेशानी तिथं आहे," असं ते म्हणायचे.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात शहरातल्या मोठ्या मैदानावर विज्ञानाचं प्रदर्शन भरायचं ठरलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मामंजींना बोलावून सांगितलं, "मास्टर साहब, कुछ ऐसा बनाइए जो दूर से दिखे." त्या दिवशी मामंजी घरी आले ते जोडे काढायचंच विसरून थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"दोन बिया करायच्या," ते म्हणाले. "वाल आणि मका. म्हणजे द्विदल आणि एकदल, दोन्ही जाती झाल्या."

"केवढ्या?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. हे रेल्वेच्या माल-कचेरीत होते; कुठलीही वस्तू दिसली की ती केवढी आणि जाणार कशी, हेच आधी यांच्या मनात यायचं.

"माणसाएवढ्या. माणसाला आत वाकून बघता आलं पाहिजे."

सासूबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "मग एरंड राहिला की. तो द्विदल असून अन्न दलांत ठेवत नाही, बाहेर वेगळं ठेवतो." इतक्या वर्षांच्या संसारात हे सगळं त्यांच्या कानांवरून गेलं होतं आणि त्यातलं काहीच वाया गेलं नव्हतं.

"एरंड पुढच्या वर्षी," मामंजी म्हणाले.

काम दिलं ते दसऱ्याचे रावण करणाऱ्या एका वयस्कर कारागिरांना. सगळे त्यांना चाचा म्हणत. खरं तर त्यांच्या अंगणात जागा पुष्कळ होती, पण मामंजी ऐकेनात. मागे एका पेंटरकडून तक्ता करून घेतला होता, त्यानं आदिमूळ वर आणि कोंब खाली काढला होता. त्यामुळं बिया आमच्या चौकात, मामंजींच्या डोळ्यांसमोर होणार असं ठरलं. चाचा बांबूच्या खपच्या, म्हणजे कामट्या, सुतळी आणि रद्दी घेऊन हजर झाले. चौकाच्या मध्यभागी उकिडवे बसून त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"मास्टर साहब, मुँह किधर रहेगा?"

"बीला तोंड नसतं," मामंजी म्हणाले.

"तो पब्लिक किधर से देखेगी?"

मामंजींनी खिशातून वाल काढून त्याच्या कडेवरची पांढरी रेघ दाखवली. ही नाभी. शेंगेत असताना बी इथूनच आईला चिकटलेलं असतं. आणि तिच्या टोकाला हे बारीक भोक, म्हणजे बीजरंध्र. पाणी यातून आत शिरतं. चाचांनी वाल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ न्याहाळला.

"ठीक है. मूँछ की जगह यह सफेद लाइन," ते म्हणाले. "और पटाखे कितने भरूँ?"

"फटाके नाहीत. भ्रूण."

चाचांनी मान डोलावली, पण त्यांच्या चेहऱ्यावर निराशा लपली नाही. ज्याच्यात दारू भरायची नाही अशी वस्तू त्यांनी आजवर केली नव्हती.

पुढचे काही दिवस आमच्या चौकात चालायला जागा उरली नाही. कागद चिकटवायला मैद्याची लेई लागायची. ती शिजवायचं काम माझ्याकडे आलं. चाचा म्हणाले की लेईत थोडं मोरचूद टाका, नाहीतर जनावरं कागद खातात. सासूबाईंनी ते ऐकलं मात्र. "विष? माझ्या चुलीवर? पिठल्याच्या कढईशेजारी?" मोरचुदाची पुडी त्यांनी चिमट्यानं धरून चाचांना परत केली. लेई झाली शुद्ध मैद्याची, अगदी खाता येईल अशी.

वाल सुरेख झाला. दोन दलं म्हणजे बांबू आणि कागदाचे दोन पोकळ अर्धे. एका कडेला दाराच्या बिजागऱ्या लावून ते पुस्तकासारखे उघडायचे. आतल्या सपाट बाजूवर पांढरं कापड ताणायचं होतं, ते मैदानात नेऊन लावू असं ठरलं. वरचं बीजावरण सासूबाईंनी आपल्या जुन्या तपकिरी लुगड्याचं शिवलं, त्याला उशीच्या अभ्र्यासारखे बंद लावले, कडेला नाभीची पांढरी रेघ आणि तिच्या टोकाला आरपार बीजरंध्र ठेवलं. एका दलाच्या कडेला भ्रूण बसवला: खाली वळलेलं आदिमूळ आणि वर दोन हिरव्या साटिनच्या पानांचा कोंब.

मक्याच्या वेळी मात्र वाद झाला. मक्याच्या दाण्यात एकच दल. तेही पातळ, ढालीसारखं, एका बाजूला सरकून बसलेलं. बाकी सगळं पोट पोषानं, म्हणजे कोंबासाठी साठवलेल्या अन्नानं भरलेलं. तो पोष दाखवायला मामंजींनी आत भाताचा पेंढा गच्च भरून घेतला. दाणा झाला पुरुषभर उंच, वर रुंद आणि खाली निमुळता. चाचा म्हणाले, हाही दोन तुकड्यांत करू, न्यायला सोपा.

"नाही," मामंजी म्हणाले. "वाल दुभंगतो. मका दुभंगत नाही. मक्याची डाळ होत नाही."

"बाबा, पण देवडीतून बाहेर कसा निघेल?" यांनी विचारलं. देवडी म्हणजे चौकातून दारापर्यंतचा बोळ. तो मध्येच काटकोनात वळायचा. आमच्याकडचं कपाटसुद्धा सुतारानं आत येऊन बनवलं होतं.

"शास्त्र देवडी बघून बदलत नाही," मामंजी म्हणाले. यांनी हातातला टेप परत खिशात घातला, तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला.

प्रदर्शनाच्या सकाळी हमाल आले. वालाच्या बिजागऱ्यांचे खिळे काढले, एकेक दल तिरकं करून देवडीच्या वळणातून सहज बाहेर गेलं. लुगड्याचं बीजावरण घेऊन हे त्या दलांबरोबर निघाले. गल्लीबाहेर मैदागिनच्या चौकात ठेला, म्हणजे हातगाडी, उभा होता. जाताना मामंजींनी बजावलं, "मी कापड घेऊन मागोमाग येतो. तोवर फक्त सांभाळ."

मका वळणावर अडला. उभा नेला, आडवा नेला, उलटा नेला. शेवटी हमालांचा मुकादम म्हणाला, छतावरून गल्लीत सोडू. मामंजींना हे पटलं. दाणा चपटा असतो, तेव्हा अरुंद कडेवर सोडला तर गल्लीत मावेल, हे त्यांनी हमालांना समजावून सांगितलं. चौकातून दोर लावून मका वर ओढला. मी आणि सासूबाई वरच्या खिडकीत उभ्या होतो. आमच्या डोळ्यांसमोरून तो हळूहळू वर गेला. सासूबाईंनी नकळत पदर सावरला.

मग छतावरून त्याला गल्लीत सोडलं, तशा आम्ही गल्लीकडच्या खिडकीत आलो. निमुळतं टोक खाली. अर्ध्यापर्यंत नीट उतरला. तेवढ्यात दोराला पीळ बसला, दाणा सावकाश गर्रकन फिरला आणि रुंद बाजूनं आमची भिंत आणि समोरच्यांची भिंत यांच्यामध्ये घट्ट बसला. खाली सोडता येईना, वर ओढता येईना.

समोर एक शास्त्रीबुवा राहायचे. ते मुलांना वेद शिकवत. त्यांची खिडकी त्या मक्यानं बंद झाली. आतून त्यांचा आवाज आला, "काय हो, अंधार का झाला?"

"मका आहे," मामंजी छतावरून ओरडले.

मग शास्त्रीबुवा म्हणाले, "कुठल्या बाजूनं बघतोय मी?"

"पोषाच्या!"

"बरं बरं," असं म्हणून त्यांनी दिवा लावला आणि पाठ पुढे सुरू केला.

गल्लीतली रहदारी काही थांबली नाही. लोक मक्याखालून वाकून जात होते. दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या एका गवळ्यानं डोक्यावर टेकलेलं टोक हातानं बाजूला केलं आणि निघून गेला. काशीत गल्लीत काहीही लटकलेलं असू शकतं. एका बाईनं मला खालून विचारलं, "ए बहूजी, ई का ह?" मी म्हटलं, भुट्ट्याचा दाणा. "एक्के दाना?" तिनं विचारलं. मी हो म्हटल्यावर ती समाधानानं पुढे गेली.

आणि मग सांड आला.

आमच्या गल्लीत एक सांड होता. काळसर, रुंद कपाळाचा, चालण्यात कसलीही घाई नसलेला. तो आला की माणसं ओट्यावर चढत. तो मक्याखाली थांबला. त्यानं टोक हुंगलं, मग चाटलं. मैद्याची लेई त्याला आवडली असावी, कारण पुढच्याच क्षणी त्यानं टोकाचा एक मोठा घास तोडला.

"अरे! आदिमूळ खातोय!" मामंजी छतावरून ओरडले. "हटाओ! कोई हटाओ उसको!"

गल्लीतून कुणीतरी शांतपणे उत्तर दिलं, "खाय लेवे द, मास्टर साहब. ओकर गल्ली ह."

गल्ली त्याचीच, तेव्हा सांडानं आदिमूळ खाल्लं, कोंब खाल्ला, ते ढालीसारखं पातळ दल खाल्लं. मग त्याला आतला पेंढा लागला. पेंढा बघून त्यानं भोकातून सगळं डोकंच आत घातलं. शिंगं खपच्यांत अडकली. त्यानं डोकं मागे ओढलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या हिसक्याला भिंतींमध्ये रुतलेला मका सुटला, दोर हमालांच्या हातून निसटले आणि मका सांडाच्या डोक्यावर उभा राहिला.

मला वाटलं, आता तो उधळणार. पण सांड उधळला नाही. त्याला दिसत काहीच नव्हतं, पण गल्ली पाठ होती. तो एक पाऊल मागे सरला, जरासा फिरला, मका अरुंद कडेवर आला आणि दोन्ही भिंतींमधून अलगद मावला. मामंजींनी सांगितलं होतं अगदी तसाच. मग सांड नेहमीच्या चालीनं घाटाकडे निघाला.

मामंजी जिन्यावरून धावत खाली आले. काखेत पांढऱ्या कापडाचं भेंडोळं. सासूबाई मला म्हणाल्या, "तू जा त्यांच्या मागं. ते पाण्यात उतरतील. मी चूल सोडून येत नाही." मी चपला पायात सरकवल्या.

असे आम्ही निघालो. पुढे मका, त्याच्याखाली सांड, मागे मामंजी, त्यांच्या मागे मी, आणि माझ्या मागे वाढत जाणारी माणसं. जो तो विचारायचा, गुरु, हे काय आहे? आणि मामंजी चालता चालता सांगत होते. मक्याचा दाणा आहे. खरं तर हा नुसता दाणा नव्हे, हे आख्खं फळ आहे. फळाची साल आणि बीचं आवरण इथं एकमेकांना चिकटलेलं असतं, वेगळं काढता येत नाही. वालाचं येतं, याचं नाही. कुणी म्हणे, अच्छा. कुणी विचारी, और खाने का किधर होता है? मामंजी धावता धावता बोट दाखवत, "वो सब, जो ऊपर पीला है, वो खाना है. बच्चे के लिए." एक पानवाला दुकानातून उतरून काही अंतर आमच्याबरोबर चालला. त्याला फक्त एवढंच हवं होतं की गहूही यातलाच का. मामंजी म्हणाले, हो, गहू, तांदूळ, ज्वारी, सगळी एकदलं. तो खूश होऊन परत गेला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मामंजींना एवढे प्रश्न कुणी विचारले नसतील. त्यांचा चेहरा लाल झाला होता, धोतराचा सोगा सुटला होता, आणि मका हातचा गेल्याचं दुःख त्यांना करायला वेळच मिळत नव्हता.

भोसले घाटाच्या पायऱ्या सांड एकेक करून उतरला. मका डुलत होता. पाण्याशी जाऊन त्यानं मान खाली घातली. त्याला पाणी प्यायचं होतं, पण आधी मकाच पाण्यात गेला. लेई भिजली, कागद ढिला झाला, शिंगं सुटली. मका पाण्यावर आडवा झाला आणि संथपणे वाहू लागला. सांड पाणी प्याला. घाटावर स्नान करणाऱ्या दोघातिघांनी मक्याकडे बघून सवयीनं हात जोडले.

मामंजी शेवटच्या पायरीवर उभे राहून बघत होते. "आता त्याला पाणी मिळालं," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांना हातातल्या कापडाची आठवण झाली.

"वाल!" ते म्हणाले. आम्ही वर धावलो आणि मैदागिनला येऊन रिक्षा केली.

मैदानावर पोचलो तेव्हा उद्घाटनाचे पाहुणे भाषण करत होते. लखनौहून आलेले, कुठल्याशा खात्याचे मोठे गृहस्थ. मंचाच्या पायथ्याशी वालाची दोन दलं शेजारी शेजारी मांडलेली होती, पोकळ बाजू आभाळाकडे. ठेल्यावरून उतरवताना ती तशीच नीट बसत होती, म्हणून यांनी तशीच ठेवली होती. दोन्हीत शाळेच्या मुली बसल्या होत्या. पाहुणे मोठ्या उत्साहानं सांगत होते की गंगामैया हा आपला सर्वात जुना राजमार्ग, आणि आज या कॉलेजनं हलक्या, स्वस्त, स्वदेशी होड्यांचा नमुना देशापुढं ठेवला आहे. त्यांनी आदिमुळाकडे बोट दाखवून सुकाणूची स्तुती केली. हिरव्या साटिनच्या कोंबाला ते शीड म्हणाले. टाळ्या झाल्या.

हे मंडपाच्या कडेला उभे होते. मामंजींनी त्यांचा हात धरला. "तू सांगितलं नाहीस?"

"बाबा, ते मोठे साहेब आहेत. आणि ते पहिल्यांदाच होडी म्हणाले. मी तोंड उघडेपर्यंत दुसऱ्यांदा म्हणाले. प्रिन्सिपॉलसाहेब मान डोलवत होते. मी सरकारी माणूस."

"आणि मुली का बसल्यात?"

"पाहुणेच म्हणाले, बसा."

मामंजींनी यांच्याकडे पाहिलं, प्रिन्सिपॉलांकडे पाहिलं, मग कापड माझ्या हातात देऊन सरळ पुढे गेले. पाहुण्यांना त्यांनी वाकून नमस्कार केला. "साहेब, आपली परवानगी असेल तर ही होडी बंद करून दाखवतो," ते हिंदीत म्हणाले. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी मोठ्या प्रसन्नतेनं परवानगी दिली.

एका दलातल्या मुलींना मामंजींनी उतरवलं. दुसऱ्यात, भ्रूण होता त्यात, दोन लहान मुली बसल्या होत्या, त्यांना ते म्हणाले, "डरना नहीं, बेटा." मग आम्ही दोघांनी, म्हणजे यांनी आणि मी, रिकामं दल उचलून त्यांच्यावर पालथं घातलं. मामंजींनी सासूबाईंचं लुगडं वरून ओढून बंद बांधले. मंचासमोर एक भलामोठा तपकिरी वाल पडला होता आणि आत दोन मुली होत्या.

"क्या दिखता है?" मामंजींनी नाभीजवळ तोंड नेऊन विचारलं.

"अँधेरा," आतून आवाज आला.

"और?"

मग दुसरीचा आवाज. "मास्टरजी, एक छेद है. छेद से रोशनी आ रही है. हवा भी."

मामंजींनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बीजरंध्र," ते पाहुण्यांना म्हणाले. "साहेब, सांगितल्याशिवाय. आजपर्यंत सांगितल्याशिवाय हे कुणालाही दिसलं नव्हतं."

पाहुण्यांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी खाली उतरून त्या भोकाला डोळा लावला आणि आतून एका मुलीचा डोळा त्यांना दिसला असणार, कारण ते दचकून मागे झाले. मग मोठ्यांदा हसले. वाल उघडला. मुली घामेजलेल्या, केस विस्कटलेल्या बाहेर आल्या, आणि उतरायच्या आधीच दहाबारा मुलांनी आपला नंबर लावला.

ते कापड शेवटपर्यंत लावलंच नाही. प्रदर्शन चाललं तितके दिवस त्या वालासमोर रांग होती. मुलं, त्यांच्या आया, रिक्षावाले, एकदा तर एक हवालदार. जो आत जाईल त्याला मामंजी पाय पोटाशी घ्यायला सांगत, डोकं आदिमुळाच्या बाजूला ठेवायला लावत. "बच्चा ऐसे ही सोता है," असं म्हणत. बाहेर आलेल्याला एकच प्रश्न, आत काय होतं. उत्तरं ऐकून ते मान डोलवायचे. चाचाही एकदा येऊन बसून गेले. बाहेर येऊन म्हणाले, काम पक्कं झालंय, फक्त आत जरा कोंदट होतं.

शेवटी बक्षिसं जाहीर झाली. आमच्या कॉलेजला पहिलं बक्षीस मिळालं, वाहतूक विभागात. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मामंजींच्या कानात सांगितलं की पाहुण्यांनी नाव दिलंय, आता बदलू नका. मामंजींनी मंचावर जाऊन होडीसाठीचा, चांदीचा मुलामा दिलेला कप घेतला आणि खाली येऊन मला म्हणाले, "हरकत नाही. बीसुद्धा प्रवासासाठीच असतं. नारळ तर समुद्रातून जातो."

त्याच दिवशी दुपारी सासूबाई मैदानावर आल्या होत्या. मामंजींच्या कुठल्याही कार्यक्रमाला त्या आजवर गेल्या नव्हत्या. घर सोडून जायचं म्हणजे मागे कोण बघणार, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. पण आपलं लुगडं कसं दिसतं हे त्यांना बघायचं होतं. त्या माझ्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. मामंजींनी त्यांना पुढे बोलावलं, तर म्हणाल्या, "नको. सगळे उभे आहेत." पाळी आली तेव्हा त्यांनी चपला बाजूला काढून ठेवल्या, पदर खोचला आणि आत जाऊन पाय पोटाशी घेतले. मामंजींनी वरचं दल स्वतःच्या हातानं बसवलं. बंद बांधले.

मामंजींनी विचारलं, "भोक दिसतंय का?"

"दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "उघडू नका इतक्यात."

मागची माणसं कुजबुजू लागली, तरी मामंजी थांबले. बऱ्याच वेळानं आतून टकटक झाली. त्या बाहेर आल्या, केसांवरून हात फिरवला, चपला घातल्या.

"काय होतं आत?" मामंजींनी त्यांनाही विचारलं.

"बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "कुणी हाक मारत नाही."

मग त्या मला म्हणाल्या, "तू घरी हो पुढं. भात टाक. मी येतेच." आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभ्या राहिल्या.